अपील म्हणजे स्थगिती नव्हे

‘अपील दाखल केले आहे, आता निकाल लागेपर्यंत चिंता नाही,’ हे वाक्य आपल्या व्यापारी कुटुंबांत वारंवार ऐकू येते. करसल्लागाराने अपील दाखल केले, शुल्क भरले, पोच मिळाली आणि फाइल कपाटात गेली. पुढे काही महिन्यांनी एके दिवशी चालू खात्यावरचे धनादेश परत येऊ लागतात, तेव्हा कपाट पुन्हा उघडले जाते. बँकेतील नोकरीच्या काळात अशा वेळी शाखेत आलेले व्यापारी मी पुष्कळ पाहिले. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असे : ‘साहेब, आमचे तर अपील चालू आहे, मग खाते गोठवले कसे?’

उत्तर सरळ आहे, पण ते कोणी आधी सांगत नाही. अपील म्हणजे निर्णय चुकीचा आहे अशी तक्रार. स्थगिती म्हणजे त्या तक्रारीचा निवाडा होईपर्यंत वसुली थांबवण्याची परवानगी. या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यानुसार मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरावी लागते. न भरल्यास करदाता कसूरदार ठरतो. अपील प्रलंबित असताना त्याला कसूरदार न मानण्याचा अधिकार कलम २२० (६) ने निर्धारण अधिकाऱ्याला दिला आहे. मात्र तो त्याच्या विवेकाधीन आहे आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नुसते अपील दाखल केले हे स्थगितीस पुरेसे कारण नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९३ च्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे. (२०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा क्रमांकापेक्षा रचना ध्यानात ठेवावी.)

हे किती महत्त्वाचे आहे ते एका उदाहरणाने पाहू. नोटाबंदीच्या काळात एखाद्या दुकानदाराने विक्रीची २० लाख रुपये रोकड बँकेत भरली आणि निर्धारण अधिकाऱ्याने ती अस्पष्टीकृत मानली, असे समजा. त्या वर्षी अशा रकमेवर ६० टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर मिळून ७७.२५ टक्के आकारणी होती. म्हणजे व्याज सोडून १५ लाख ४५ हजारांची मागणी. वह्या नीट असतील, विक्रीची बिले असतील, तर अपिलात ही मागणी टिकेलच असे नाही. परंतु पहिल्या अपिलाचा निकाल लागायला वर्षे लागू शकतात, आणि तोवर खेळत्या भांडवलातून एवढी रक्कम उचलली गेली, तर न्याय मिळेपर्यंत दुकानच उरायचे नाही.

वसुली कशी होते, हे बँकेच्या गल्ल्याआडून पाहिलेले असल्याने थोडे विस्ताराने सांगतो. कलम २२६ (३) ची नोटीस शाखेत येते. तिच्यात ज्या रकमेचा उल्लेख असतो, तेवढी शिल्लक बँकेने विभागाकडे भरायची असते. न भरल्यास बँकच कसूरदार ठरते. त्यामुळे शाखाधिकाऱ्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. त्याला निवड नसते. अशीच नोटीस तुमच्या ऋणकोंनाही जाऊ शकते. ज्या व्यापाऱ्याकडून तुमची उधारी यायची आहे, त्याला सांगितले जाते की ती रक्कम यांना न देता सरकारजमा करा. पैशाचे नुकसान एकवेळ भरून निघते, पण बाजारात एकदा कुजबुज सुरू झाली की पुढचा माल उधारीवर मिळणे कठीण होते. माझ्या मते स्थगितीचा अर्ज वेळेत करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

संयुक्त खात्यांविषयी आपल्या घरांत विशेष सावधगिरी हवी. आईच्या किंवा पत्नीच्या बचतीची ठेव सोयीसाठी दोघांच्या नावे ठेवलेली असते. अशा खात्यातील हिस्से समान आहेत, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे दाखवण्याचा भार तुमच्यावर. म्हणून ठेवीचा पैसा कोठून आला याचे कागद तिच्याच नावाच्या फाइलमध्ये असावेत. उलट कॅश क्रेडिट खात्यात न वापरलेली मर्यादा ही तुमची बँकेकडील येणी नव्हे. ती बँकेने देऊ केलेली पत आहे. ओव्हरड्राफ्टच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाने १९५८ मध्येच हे सांगितले होते. तरीही असे खाते गोठवले गेले, तर लेखी हरकत घेण्यास हा आधार उपयोगी पडतो.

आता अर्जाविषयी. मंडळाच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात, पहिले अपील प्रलंबित असताना वादग्रस्त मागणीच्या २० टक्के भरल्यास उरलेल्या रकमेस साधारणतः स्थगिती द्यावी, असे म्हटले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण १५ टक्के होते, जुलै २०१७ पासून २० झाले. आपल्या उदाहरणात म्हणजे ३ लाख ९ हजार. पण २० टक्के हा काही कायदा नव्हे. त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. हाच मुद्दा मागील वर्षात तुमच्या बाजूने सुटला असेल, किंवा त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा वा आपल्या उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय असेल, तर ते अर्जात पुढे आणावे. ‘आर्थिक अडचण आहे’ एवढे एक वाक्य लिहून भागत नाही; बँकेची विवरणे, देणेकऱ्यांची यादी, हप्ते, पगार हे जोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये के. ई. सी. इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितले की अधिकाऱ्याने करदात्याची बाजू आणि त्याची आर्थिक स्थिती विचारात घेऊन सकारण आदेश दिला पाहिजे, आणि अपिलाची मुदत संपण्यापूर्वी सामान्यतः वसुली करू नये. अर्ज फेटाळला गेला, तर प्रधान आयुक्तांकडे पुनर्विचार मागता येतो. त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका असते.

प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाची गोष्ट थोडी वेगळी. स्थगितीचा अधिकार त्याच्याकडे अंगभूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये मानले. कायद्याने मात्र नंतर मुदती घातल्या : एकूण ३६५ दिवस, आणि २०२० पासून २० टक्के रक्कम किंवा तितके तारण. विलंब करदात्याच्या हातून झालेला नसतानाही स्थगिती आपोआप संपावी, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पेप्सी फूड्सच्या प्रकरणात रद्द ठरवली. तरीही स्थगितीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. मुदतवाढीचा अर्ज तारीख उलटण्यापूर्वी जायला हवा.

जीएसटीत कायदा तुलनेने सोपा आहे. पहिल्या अपिलासाठी तीन महिन्यांची मुदत असते, मान्य कर पूर्ण व वादग्रस्त कराच्या १० टक्के भरले की उरलेल्या रकमेची वसुली आपोआप थांबते, वेगळा अर्ज लागत नाही. मला हीच पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण तीत अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा नाही. प्राप्तिकरातही ती यावी.

स्थगिती मिळाली म्हणजे घड्याळ थांबले, असेही समजू नये. मागणीवर दरमहा एक टक्का व्याज चालूच राहते; अपील हरलात तर ते सारे द्यावे लागते. जिंकलात, तर आधी भरलेली रक्कम परत मिळते, तिच्यावर दरमहा अर्धा टक्का. या दोन दरांतील तफावत ध्यानात घ्यावी. आपली बाजू लंगडी आहे हे आतून ठाऊक असेल, तर स्थगितीच्या मागे वर्षे घालवण्यापेक्षा ती रक्कम आजच भरणे स्वस्त पडते. हा हिशेब करसल्लागाराने नव्हे, मालकाने स्वतः मांडावा.

आणखी एक किरकोळ वाटणारी, पण महागात पडणारी गोष्ट. आदेश आणि नोटिसा आता ईमेलवर येतात, आणि कित्येक पेढ्यांच्या पोर्टलवर अजून सोडून गेलेल्या मुनिमाचाच पत्ता व मोबाइल क्रमांक आहे. ३० दिवस त्या ईमेलच्या तारखेपासून मोजले जातात. या आठवड्यात लॉगिन करून तो पत्ता पाहून घ्यावा.