वेळेवर तपासणी ही मेहेरबानी नव्हे, हक्क होय

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषास रात्री वारंवार लघवीस उठावे लागले, धार अडू लागली, की घरची माणसे ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसतात. बहुधा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ असते. परंतु कधी तो तिचा कर्करोगही असतो. आरंभी हा रोग पुष्कळदा मुकाच राहतो. तो ग्रंथीतच असताना सापडला तर पाच वर्षांनंतरही जवळजवळ सर्व रोगी हयात असतात. हाडांपर्यंत पसरल्यावर सुमारे एकतृतीयांशच उरतात, असे अमेरिकेतील नोंदी सांगतात.

मग उशीर का होतो? ‘खेडूत अडाणी आहेत’ हे ठरीव उत्तर आम्हांस मान्य नाही. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे 25 लाख 86 हजार. त्यांतील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. संग्रामपूर वा लोणार तालुक्यातील शेतमजुरास जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे आणि वर एस. टी. चे भाडे भरणे होय. पी. एस. ए. ही तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते. पण तिच्यापर्यंत पोहोचणेच त्यास महाग पडते. सरकारच्या कर्करोग-तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, प्रोस्टेटचा नाही.

प्रत्येक निरोगी पुरुषाची ही तपासणी सरसकट करावी काय, याविषयी डॉक्टरांत मतभेद आहेत. कारण साध्या वाढीनेही पी. एस. ए. चढते व नाहक घबराट होते. परंतु ज्यास त्रास सुरू झाला आहे, त्याची गोष्ट निराळी. म्हणून आमची मागणी मोजकी आहे : रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातच घ्यावे, प्रवास नमुन्याने करावा, रोग्याने नव्हे. अहवालात शंका निघाल्यास तज्ज्ञाची वेळ त्याच केंद्राने ठरवून द्यावी. बुलढाण्यास 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; त्याचा लाभ खेड्यास मिळालाच पाहिजे.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे घटनेच्या 47 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. गरजू रोग्यास सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले. तेव्हा वडीलधाऱ्यांनी संकोच सोडावा, तरुणांनी त्यांना केंद्रात न्यावे, आणि तपासणी नाकारली गेली तर नकार लेखी मागावा. तोंडी नकाराचा जाब कोणी देत नाही. लेखी नकाराचा द्यावा लागतो.