आवळ्यात मीठ कुणी नेलं?

बालमित्रांनो, आज मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंचीही चूक होते बरं का! आणि ती सापडली एका आवळ्यामुळे.

आमच्या हर्सूलला जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते. तलावाकडून वारं आलं की मुलं हात बगलेत घालूनच वर्गात शिरतात. अशाच एका सकाळी मी सातवीला उष्णता शिकवली. म्हटलं, "प्रत्येक पदार्थ बारीक बारीक कणांचा बनलेला असतो. उष्णता दिली की हे कण हलू लागतात." फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. पुढं चाचणीत मी एक चूक-बरोबर विचारलं : 'थंड पदार्थातील कण स्थिर असतात.' साऱ्या वर्गानं 'बरोबर' लिहिलं. एकटीनं लिहिलं, 'चूक.' मी फुली मारली आणि तिचा एक गुण गेला.

ही मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात कागदाची पुडी. पुडीत मिठाच्या पाण्यातला आवळा.

"बाई, हा खाऊन बघा. अगदी बीपर्यंत खारट आहे."

"बरं मग?"

"आजीनं बरणी चुलीवर ठेवली नव्हती. कोपऱ्यात गारच होती. ढवळलीपण नाही. मग मीठ आत कुणी नेलं?"

मी आवळा खाल्ला. खरंच खारट होता, आणि उत्तर काही माझ्याजवळ नव्हतं! पाण्यात मीठ ढवळता येतं, पण आवळ्याच्या आत कोण चमचा घालणार? मिठाचे कण आपल्याच पायांनी चालत गेल्याशिवाय ते बीपर्यंत पोचणं शक्य नाही. म्हणजे गार बरणीतही कण हलतच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ग्लास घेतले. एकात माठातलं गार पाणी, दुसऱ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून आणलेलं गरम पाणी. पाणी संथ झाल्यावर दोन्हींत पोटॅशियम परमँगनेटचा एकेक दाणा हळूच सोडला. विहिरीत टाकतात ना, तेच जांभळं औषध. गरम पाण्यात रंग बघता बघता पसरला. गार पाण्यात तो तळाशी रेंगाळला, पण थांबला काही नाही. (गरम पाण्यात प्रवाहही उठतात, तेही रंग पसरवायला मदत करतात. म्हणून मला ग्लासापेक्षा आवळ्याचा पुरावाच जास्त पक्का वाटतो.)

माझ्यासारखाच गोंधळ पूर्वी मोठमोठ्यांचाही झाला होता. 1827 साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतले बारीक कण पाण्यात थरथरताना दिसले. जिवंत असतील, असं त्याला वाटलं. मग त्यानं दगडाची बारीक पूड पाण्यात टाकून पाहिली. तीही नाचत होती! ना जीव, ना कुणी जाळ लावलेला. पाण्याचे न दिसणारे कण चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून हे नाचणं होतं, हा हिशेब आइनस्टाइननं 1905 साली मांडला.

मग गरम आणि गार यांत फरक तो काय? फरक वेगाचा. गारात कण सरासरीनं हळू, गरमात जोरात. 'हळू' म्हणजे किती, हे ऐकाल तर चकित व्हाल. थंडीत 10 अंशांवर असलेल्या हवेचे कणसुद्धा सेकंदाला चारशे-पाचशे मीटर वेगानं धावत, एकमेकांवर आपटत असतात. मे महिन्यात आमच्याकडं पारा 42 वर जातो, डांबर चपलेला चिकटतं. पण हवेच्या कणांचा वेग वाढतो शेकडा पाच-सहा एवढाच! कारण कणांची खरी थंडी उणे 273 अंशांपासून मोजायची असते. तिथून पाहिलं तर आपली जानेवारी आणि आपला मे अगदी शेजारी शेजारी.

मी फळ्यावर नवं वाक्य लिहिलं : 'कण सतत हलत असतात. उष्णता दिली की ते जास्त वेगानं हलतात.' सगळ्यांना वहीतलं जुनं वाक्य खोडायला लावलं, आणि त्या मुलीचा गुण तिला परत दिला. तेव्हा मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, मग आमचा गुण कापणार का?" नाही कापला. तुम्ही मी शिकवलं तेच लिहिलं होतं, गुण कापायचा तर माझाच कापायला हवा, असं म्हटल्यावर सगळे हसले.

सध्या आमच्या वर्गात दोन बरण्या आहेत. दोन्हींत सारखेच आवळे, सारखंच मिठाचं पाणी. एक खिडकीच्या उन्हात, दुसरी कपाटामागच्या गारव्यात. रोज दोन्हींतला एकेक आवळा कापून कुठला आधी बीपर्यंत खारट होतो, ते चाखून बघायचं ठरलंय. निकाल पुढच्या वेळी सांगेन. तोवर आवळे उरले तर!