बोलणी म्हणजे नमते घेणे नव्हे

लडाखच्या सीमेवर भारत आणि चीनचे सेनाधिकारी चर्चेला बसले की आपल्याकडे दोन हरकती हमखास उठतात. सैनिकाने लढावे, त्याला वाटाघाटी कशाला, ही पहिली. बोलून काय पदरात पडले, ही दुसरी. दोन्हींमागे गलवानची जखम आहे, त्यामुळे त्या झटकून टाकता येत नाहीत. पण त्या टिकतही नाहीत.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा आधी मांडू. ६ जून २०२० रोजी चुशुल-मोल्डो येथे लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग आणि मेजर जनरल ल्यू लिन भेटले, मागे हटण्याचे ठरले. नऊ दिवसांनी, १५ जूनच्या रात्री, कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय जवान गलवानमध्ये हुतात्मा झाले. आपले चार सैनिक गेल्याचे चीनने कबूल केले ते थेट २०२१ च्या फेब्रुवारीत. मग अशा प्रतिपक्षाच्या शब्दावर विसंबायचे कसे?

विसंबायचे नाहीच. गलवानने शिकवले ते हेच, आणि पुढची बोलणी त्याच पायावर उभी राहिली.

२९-३० ऑगस्ट २०२० च्या रात्री भारतीय जवानांनी पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडील रेझांग ला, रेचिन ला ही मोक्याची उंच ठिकाणे ताब्यात घेतली. सप्टेंबरमध्ये तिथे हवेत गोळ्या झाडल्या गेल्या. १९७५ नंतर या सीमेवर गोळीचा आवाज प्रथमच झाला. समोरासमोर रणगाडे, हाडे गोठवणारा हिवाळा आणि चर्चेच्या फेऱ्या हे सगळे एकाच वेळी चालू राहिले. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या दोन्ही काठांवरची माघार झाली, तीही टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा पडताळून. चीनचे सैन्य उत्तर काठावरच्या फिंगर ८ या डोंगरसोंडेच्या पूर्वेला गेले. हे ताब्यात घेतलेल्या शिखरांमुळे घडले, बोलण्यामुळे नव्हे, असे म्हणणारे अर्धेच सांगतात. शिखरांनी दबाव आणला. त्या दबावाचे माघारीत रूपांतर टेबलावर झाले. दोन सेनापती बोलतच नसते, तर हवेतली पुढची गोळी कुणाच्या छातीत शिरली असती, हे कोण सांगणार?

ऑक्टोबर २०२१ ची तेरावी फेरी तर उघडउघड फसली. दोन्ही देशांनी एकमेकांवर जाहीर दोषारोप केले. तरीही जानेवारीत दोन्ही बाजू पुन्हा चर्चेला बसल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये हॉट स्प्रिंग्जचा तिढा सुटला. फेब्रुवारी २०२४ पर्यंत अशा २१ फेऱ्या झाल्या. जोडीला मुत्सद्द्यांचे प्रयत्न होतेच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देपसांग आणि देमचोकच्या गस्तीवर सहमती झाली. काय पदरात पडले, याचे हे उत्तर आहे. चिकाटीला दुबळेपणा म्हणणे हा त्या अधिकाऱ्यांवर अन्याय आहे.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य करावा लागतो. गलवान, पँगाँग, गोग्रा, हॉट स्प्रिंग्ज येथे गस्तबंदीचे मोकळे पट्टे ठेवावे लागले. चांगथांगच्या पशुपालकांची पिढीजात कुरणे आक्रसली, त्याची किंमत दिल्लीतल्या कुणी मोजलेली नाही. शिवाय प्रत्यक्ष नियंत्रण रेषा नेमकी कुठून जाते, याचे नकाशे दोन्ही देशांनी एकमेकांना दिले ते फक्त मध्य क्षेत्राचे. पश्चिमेत ते काम अडलेलेच आहे. दोन्हीकडचे हजारो सैनिक अजूनही तळांवर परतलेले नाहीत. पण हे पट्टे खुले करायचे, कुरणे परत मिळवायची आणि फौजा कमी करायच्या, तर पुन्हा याच टेबलाकडे जावे लागते. बोलणी थांबवून यातले काहीही हाती लागणार नाही.

म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्व आणि मध्य क्षेत्रांसाठीही सेनाधिकाऱ्यांची अशीच यंत्रणा उभारण्याचे ठरले, हे योग्यच झाले. पूर्व क्षेत्रात, अरुणाचलातल्या तवांगजवळच्या यांगत्सेला ९ डिसेंबर २०२२ रोजी झटापट झाली, तेव्हा दोनच दिवसांत स्थानिक कमांडरांची ध्वजबैठक झाली आणि प्रकरण तिथेच थोपले. आता पूर्व क्षेत्रातली ही नवी यंत्रणा लवकर कामाला लागली पाहिजे, आणि तिच्या पहिल्याच बैठकीत गस्तीच्या वाटा व वेळा एकमेकांना आधी कळवण्याचा विषय घेतला गेला पाहिजे.