सोसण्याची मुदत



आपल्या सल्ला केंद्रांवर येणाऱ्या तक्रारींत अलीकडे एक नवी भर पडली आहे. मारहाण, हुंडा, पोटगी यांच्या जोडीला आता बायका दवाखान्याची तक्रार घेऊन येतात. फाइल बहुतेकींकडे नसतेच. पिशवीत सोनोग्राफीचा एखादा कागद, औषधांच्या दोन चिठ्ठ्या आणि तोंडी एक वाक्य : "ताई, ऑपरेशन झाल्यापासून असंच होतंय." केस करता येईल का, हा त्यांचा प्रश्न असतो. कायदा म्हणतो, येईल. पण कुठे, कधीपर्यंत आणि कशाच्या बळावर, हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर आपण त्या बाईला कोर्टाच्या पायरीपर्यंत नेऊन सोडून देण्यापलीकडे काही करणार नाही. म्हणून या वेळचे संपादकीय थोडे कायद्याच्या अंगाने जाणार आहे.

डॉक्टरवर दावा लावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९५३ साली मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यातील दवाखान्यात उपचारांदरम्यान दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते, तरीही सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल हाती यायला १९६८ साल उजाडले. भरपाई होती तीन हजार रुपये. शिकलेल्या, त्याच व्यवसायातल्या बापाची ही कथा, तर बाकीच्यांचे काय होत असेल?

दुसरे प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली आणि दोन-चार दिवसांत तिथेच तिची नसबंदी करण्यात आली. शस्त्रक्रियेत वापरलेला कापडी बोळा पोटातच राहिला. त्याच महिन्यात ती गेली. नवऱ्याने राज्य सरकारविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते नाकारले आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केले. पोटात बोळा राहिला हाच निष्काळजीपणाचा पुरावा, नेमके कोणत्या डॉक्टरने चूक केली हे बोट ठेवून दाखवता आले नाही तरी सरकारची जबाबदारी टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल चांगला आहे, आपण तो जरूर वापरावा. पण तेहतीस वर्षे लागली. त्या खेपेला जन्मलेले मूल तोवर तेहतीस वर्षांचे झाले असणार.

या दोन दाव्यांच्या मधोमध काय बदलले? १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात वैद्यकीय सेवा त्या कायद्यात येते हे ठरले. जिल्हा पातळीवर, वकील न लावताही, साध्या अर्जावर तक्रार करता येऊ लागली. २०१९ च्या नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्द नाही, म्हणून डॉक्टर सुटले, असा काही काळ बोलबाला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. तेव्हा "आता डॉक्टरवर केस होत नाही" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. शिवाय नव्या कायद्याने बाई जिथे राहते किंवा काम करते त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल होऊ शकते, आणि दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ऑपरेशन मुंबईत आणि माहेरी बसलेली बाई परभणीत, अशा वेळी ही सोय फार मोलाची.

मात्र १९९५ च्या निकालाची एक बाजू आपण पुरेशी बोलत नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय या कायद्याच्या बाहेर आहे. काही रुग्ण पैसे देतात आणि काहींना मोफत मिळते, अशा ठिकाणी मोफतवालीही तक्रार करू शकते. पण सर्वस्वी मोफत सरकारी दवाखान्यातली बाई 'ग्राहक' ठरत नाही. तिला दिवाणी न्यायालयाचाच रस्ता, म्हणजे औरंगाबादच्या त्या कुटुंबाचाच. आरोग्य हा हक्क आहे असे म्हणत आपण वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि दाद मागायची वेळ आली की पावती दाखवा म्हणतात. मला हे अजून पटलेले नाही. वापरायचे म्हणून वापरावे, एवढेच.

आता कठीण भाग. गुण आला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे कायदा मानत नाही. सर्वसाधारण कुशलतेच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही, आणि त्यामुळेच इजा झाली, हे दोन्ही दाखवावे लागते. आयोग बहुधा तज्ज्ञाचे मत मागतो आणि एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायला तयार होत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. पोटात राहिलेल्या बोळ्याला कोणा तज्ज्ञाची गरज नसते. बाकी ठिकाणी कागद बोलतो. म्हणून पहिले काम केसपेपर मिळवण्याचे. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदींची प्रत देणे हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर पोच घ्यावी. बाई अजून दवाखान्यात असतानाच हे केले तर उत्तम, कारण नंतर कागद 'सापडत नाहीत'.

संमतीच्या कागदाकडेही नीट पाहा. दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ मध्ये दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सज्ञान, शुद्धीत असलेल्या स्त्रीच्या शरीराबद्दलची संमती फक्त तिचीच. जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल तर आईचीही सही चालत नाही. आपल्याकडे अजूनही नवऱ्याची सही घेतली की काम झाले असे मानतात. भरपाई मात्र किती, तर पंचवीस हजार! डॉक्टरची फीही नाकारली, पण गर्भाशयाची किंमत एवढीच लागली.

आणि मुदत. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशिराचे सबळ कारण दिले तर आयोग माफ करू शकतो, करीलच असे नाही. गोव्यातील एका सरकारी परिचारिकेवर १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. नऊ वर्षे तिचे पोट दुखत राहिले. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत आत राहिलेला गॉज निघाला. २००४ मध्ये तिने तक्रार केली. इजा कळली तेव्हापासून मुदत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नाकारले नाही, पण २०१० च्या निकालात म्हटले की एवढे दुखत असताना, त्यातून परिचारिका असताना, ती त्या डॉक्टरकडे परत का गेली नाही? तक्रार मुदतबाह्य ठरली.

हा निकाल मी अनेकदा वाचला आहे. कायद्याच्या चौकटीत त्याला तर्क आहे, हे मान्य. पण आपण बायका दुखणे कशा वागवतो हे त्या चौकटीला माहीत नाही. "बाईच्या जातीला दुखायचंच" हे आजी सांगते, सासू सांगते, कधी डॉक्टरही सांगतात. सोसणे हा गुण म्हणून शिकवायचा आणि मग तेच सोसणे तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांवर बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. कारखान्याच्या पट्ट्यात सहा महिने खोपीत राहणाऱ्या बाईने कंबर दुखते म्हणून दोन वर्षांत आयोगाकडे जावे, अशी अपेक्षा कोणी करावी? म्हणून गटांनी सवय लावून घ्यावी : ऑपरेशननंतर दुखणे थांबत नसेल तर त्याच डॉक्टरकडे जाऊन केसपेपरवर ते लिहून घ्यायचे, तारखेसह. दुसऱ्या डॉक्टरचे मतही लेखी.

पोलिसांकडे जायचे का, असे घरचे पुरुष हमखास विचारतात. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरचे मत घ्यावे लागते. भारतीय न्याय संहितेत डॉक्टरला कमाल शिक्षा दोन वर्षे. भरपाई यातून मिळत नाही, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडूनही नाही; परिषद फार तर नोंदणी काही काळ किंवा कायमची रद्द करते. तोडफोडीने तर आपलीच केस बिघडते.

वकिलाच्या खर्चाचे एक. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज करायचा. वैद्यकीय प्रकरणे हाताळलेला वकील द्या, असे त्यात जरूर लिहा.

तडजोडीबद्दलही सावध राहू या. दवाखाना बोलावतो ते नवऱ्याला किंवा भावाला. पैसे ठरतात, कागदावर सही होते आणि जिचे पोट फाडले तिला रक्कमही सांगितली जात नाही. अशा बैठकीला ती हजर असलीच पाहिजे आणि पैसे तिच्या खात्यात गेले पाहिजेत, यावर आपण अडून बसायला हवे.

आपल्या गटाने अशी तक्रार लढवली असेल तर जिल्हा आयोगाच्या आदेशाची प्रत, बाईचे नाव-गाव झाकून, आमच्याकडे पाठवा. जिंकलेली आणि हरलेली, दोन्ही हवी आहेत. हरलेल्यांत मुदतीमुळे किती गेल्या, हे आम्हाला एकत्र मांडून पाहायचे आहे.