गोलंदाजाचे वय कशाने मोजावे?

‘तिशी उलटली, आता हा काय टाकणार?’ क्रिकेटच्या मोसमात हे वाक्य घराघरांत ऐकू येते. ते बहुधा वेगवान गोलंदाजाबद्दल असते आणि ते निम्मे खरे आहे. उरलेला निम्मा भाग कुठे चुकतो ते पाहायला, विद्यार्थीमित्रांनो, तुमचे शालेय पदार्थविज्ञान जवळजवळ पुरेसे आहे.

आधी खरा भाग घेऊ. क्रिकेटच्या चेंडूचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम असते. तो ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३८.९ मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १२१ ज्यूल भरते. आता वेग ताशी १२५ किलोमीटर धरा. ऊर्जा येते सुमारे ९६ ज्यूल. वेग साधारण एक दशांशाने कमी झाला, पण ऊर्जा एक पंचमांशाने घटली, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. उलट बाजूने पाहिले, तर तो शेवटचा एक दशांश वेग मिळवण्यासाठी शरीराला फार मोठी किंमत मोजावी लागते. ही ऊर्जा चेंडूला क्षणार्धात द्यायची असते आणि ते काम प्रामुख्याने झटकन आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचे असते. वय वाढते तसे हेच तंतू आधी बारीक होतात. सावकाश काम करणारे तंतू त्या मानाने टिकून राहतात. म्हणूनच चाळिशीतला माणूस दहा किलोमीटर आरामात पळतो, पण शंभर मीटरच्या शर्यतीत मागे पडतो.

याचा फायदा फलंदाजाला किती होतो? दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीझमधील अंतर १७.७ मीटर आहे. हवेचा रोध आणि टप्पा सोडून दिला, तर १४०च्या वेगाने चेंडू ०.४५ सेकंदात पोहोचतो, १२५च्या वेगाने ०.५१ सेकंदात. चेंडू पाहून हालचाल सुरू करायलाच सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेव्हा फलंदाजाच्या हाती खरोखर उरतो तो पाव सेकंद, आणि त्यात एक पंचमांशाहून थोडी अधिक भर पडते. एवढ्यावर खेळ बदलतो, हे मान्यच करायला हवे.

पण गोलंदाजी म्हणजे भालाफेक नव्हे. चेंडू हवेत वळवायचा असतो, आणि इथे संथ चेंडूला एक लाभ मिळतो. चेंडूवर बाजूने लागणारे बल तेवढेच असेल, तर त्याचे सरकणे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरचे आकडे वापरून पाहा: त्याच बलाने १२५चा चेंडू १४०च्या चेंडूपेक्षा सुमारे पाव पटीने अधिक सरकतो. शिवाय वायुबोगद्यातील प्रयोगांत असे आढळले आहे की नव्या चेंडूचा नेहमीचा स्विंग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो, फार वेगात तो घटतो. रिचर्ड हॅडलीने आपली धाव आखूड केली आणि अचूकतेवर भर दिला. १९९०च्या फेब्रुवारीत ख्राइस्टचर्चला त्याने कसोटीतील चारशेवा बळी घेतला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. (बळी आपल्या संजय मांजरेकरचा होता, हे जाता जाता.)

फिरकीची गोष्ट तर याहून गमतीची आहे. चेंडू सेकंदाला तीस वेळा फिरत असेल, तर त्याच्या फिरण्यातील ऊर्जा किती? चेंडू भरीव गोल मानला आणि त्रिज्या ३.६ सेंटिमीटर घेतली, तर उत्तर येते फक्त दीड ज्यूल. अकरावीच्या मित्रांनी ते करून पाहावे. वेगवान गोलंदाजाच्या १२१ ज्यूलसमोर ही चिल्लर आहे. इथे भांडवल असते ते बोटांच्या आणि मनगटाच्या सवयीचे, आणि ते लवकर आटत नाही. मुंबईचे पद्माकर शिवलकर १९८७-८८च्या मोसमात, वयाच्या ४७व्या वर्षी, प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. ५८९ बळी घेणाऱ्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला कसोटी मात्र मिळाली नाही. इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स १९३० साली शेवटची कसोटी खेळला तेव्हा ५२ वर्षांचा होता.

मात्र अशा उदाहरणांनी फसू नका. जेम्स अँडरसन ४१व्या वर्षी, २०२४च्या जुलैत, ७०४ बळी घेऊन निवृत्त झाला, म्हणून ‘वयाचा परिणाम होतच नाही’ असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. ज्यांचा वेग आणि अचूकता दोन्ही ढळली, त्यांना निवड समितीने केव्हाच घरी पाठवलेले असते. चाळिशीतल्या गोलंदाजांची सरासरी काढायला गेलात, तर हाती लागतात फक्त टिकलेले. गळालेले त्या आकड्यात नसतातच. कोणत्याही आकडेवारीला ‘यात कोण नाही?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या.

मग टिकतो कोण? माझे मत असे की याचा निकाल पस्तिशीत लागण्याऐवजी पुष्कळदा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच लागायला सुरुवात होते. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा प्रौढ वेगवान गोलंदाजाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या पाच पट किंवा अधिक बल क्षणभर लागते; त्याच वेळी कंबर वाकलेली आणि पिळलेली असते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. कंबरेच्या मणक्याचे हाड असेच थकते आणि त्याला बारीक तडा जातो. डेनिस लिलीला तो १९७३ साली गेला, अँडरसनला २००६ साली, जसप्रीत बुमराला २०१९ साली. पहिले दोघे तेव्हा २३ वर्षांचे होते आणि बुमरा २५ वर्षांचा. म्हातारा कोणीही नव्हता. कंबरेची हाडे विशी उलटेपर्यंत पुरती पक्की झालेली नसतात. हाड आणि तार यांत एक फरक आहे. हाड स्वतःची दुरुस्ती करते, पण त्यासाठी त्याला विश्रांतीचे दिवस द्यावे लागतात.

आपल्याकडे नेमके तेच होत नाही. वर्गात एखादा मुलगा वेगाने चेंडू टाकतो असे दिसले की शाळेचा संघ, क्लबचा संघ, गल्लीतला संघ, सगळे त्याला ओढतात. सकाळी नेट, दुपारी सामना, आणि ‘अजून एक षटक टाक रे’ म्हणणारे कर्णधार जागोजागी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने एकोणीस वर्षांखालील वेगवान गोलंदाजांनी एका हप्त्यात आणि एका दिवसात किती षटके टाकावीत याच्या वयोगटाप्रमाणे मर्यादा ठरवून दिल्या आहेत. आपल्या शालेय मैदानांवर अशी मर्यादा पाळली जाताना मला तरी क्वचितच दिसते. वाढत्या मुलाला ‘जोर लाव’ सांगणे सोपे असते. ‘आज पुरे’ म्हणणे क्रीडाशिक्षकांना जड जाते, कारण सामना आजचा असतो आणि तडा पुढच्या वर्षीचा.

स्कोअरबुकात सामन्यातील षटके लिहिलेली असतातच. नेटमधील चेंडू मात्र कोठेही लिहिले जात नाहीत, आणि बहुधा संख्येने तेच जास्त असतात. त्यासाठी शंभर पानी एक वही आणि खेळायची पाळी न आलेला एक विद्यार्थी पुरे आहे. प्रत्येक वेगवान गोलंदाजाच्या नावापुढे रोजचे चेंडू लिहा, आठवड्याची बेरीज मांडा, कंबर दुखल्याची तक्रार ज्या दिवशी आली त्या दिवशी खूण करा, आणि मोसम संपल्यावर त्याचा आलेख काढा.