खतावणी कळते, प्रणाली कळत नाही

फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा उघड झाला. हमीचे संदेश ‘स्विफ्ट’ या आंतरबँक संदेशयंत्रणेवरून परदेशातल्या शाखांना जात होते, बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत मात्र त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. तेरा हजार कोटींहून अधिक रकमेचे प्रकरण या फटीतून वर्षानुवर्षे निसटत राहिले. जी नोंद झालीच नाही, ती ताळेबंदात सापडणार कशी?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी एटीएममधून पैसे काढले जात होते, पण त्या व्यवहारांची मंजुरी बँकेच्या खऱ्या प्रणालीकडे न जाता हल्लेखोरांनी उभारलेल्या बनावट यंत्रणेकडून मिळत होती.

या दोन घटना वाणिज्य शाखेच्या किती वर्गांत शिकवल्या जातात? आपल्या अनेक महाविद्यालयांत ‘संगणक’ म्हणजे आजही टॅलीत व्हाउचर भरणे आणि एक्सेलमध्ये बेरजा करणे. नोंद कोणी केली, मंजुरी कोणी दिली, ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या पासवर्डवर चालतात का, एका यंत्रणेतला आकडा दुसरीत पोहोचला याची खातरजमा कोण करतो, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत, म्हणून ते शिकवलेही जात नाहीत. बँकेतला साधा कारकूनही ‘मेकर-चेकर’ (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची) हे शब्द रोज उच्चारतो. आपला पदवीधर ते नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकतो.

कायदा मात्र थांबलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे आणि तो बंद करता न येणे सक्तीचे आहे. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात मत द्यावे लागते. हा माग वाचायला न शिकलेली मुले उद्या लोकांच्या ठेवींची राखण करणार आहेत, आणि सहकारी बँका व पतसंस्थांवर संसार उभे असलेल्या महाराष्ट्राला ही चूक परवडणारी नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलत असताना विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी माहिती प्रणाली आणि तिचे नियंत्रण हा विषय बी.कॉम.ला अनिवार्य करावा, आणि तो शिकवायला बँकांतले व लेखापरीक्षणातले जाणकार वर्गात आणावेत. हा निर्णय पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी झाला पाहिजे.