ऐकणाऱ्यांचे कोणी ऐकावे?

आमच्या घरी सकाळी येणारी माणसे बहुधा दाखल्यासाठी येतात आणि संध्याकाळी येणारी सल्ल्यासाठी. २०२४ च्या आषाढात एका पावसाळी संध्याकाळी दांडिया बाजारातील एक वहिनी आपल्या मुलीला घेऊन आल्या, त्या या दोहोंपैकी कशासाठी आल्या हे प्रथम आमच्या ध्यानात आले नाही. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी; वय आता तिशीच्या पलीकडे. वर्गात असताना ती शेवटच्या बाकावर बसे आणि मधल्या सुट्टीत रुसलेल्या मुलींची समजूत काढीत असे, एवढे आम्हांस स्मरत होते.

वहिनींचे गाऱ्हाणे थोडक्यात असे होते. मुलीने महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. केले, समुपदेशक म्हणून सात वर्षे ठिकठिकाणी नोकऱ्या केल्या, आणि आता तिला स्वतःलाच रात्र रात्र झोप येत नाही. "लोकांची दुःखं ऐकून ऐकून हिचं हे असं झालंय. हिला बी. एड्. करायला सांगा, सर. तुमच्यासारखी सरकारी नोकरी लागली म्हणजे सुटली." सरकारी नोकरीत सुटका असते हा वहिनींचा समज आम्ही त्या वेळी दुरुस्त केला नाही. मुलगी मात्र सारा वेळ चहाच्या कपाकडे पाहत गप्प बसली होती.

आम्ही शिक्षक, गप्प बसलेले कोणी दिसले की आम्हांस बोलण्याची सुरसुरी येते. आम्ही तिला पंधरा मिनिटे उपदेश केला. व्यायाम कर, पहाटे कमाटीबागेत फिरायला जा, छंद जोपास, माणसांचे दुःख घरी आणू नकोस. तिने सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "सर, हेच मी रोज चार जणांना सांगते. पण मी कुणाचं काय ऐकलं, हे मी कुणाला सांगू?"

त्या प्रश्नापुढे आमची एम. ए. ची पदवी आणि तीस वर्षांची नोकरी दोन्ही निरुपयोगी ठरली, हे कबूल करतो.

पुढे दोन-तीन भेटींत तिची हकीकत उलगडत गेली. पहिली नोकरी एका खासगी शाळेत. नेमणूकपत्रावर पद समुपदेशकाचे. प्रत्यक्षात काम गैरहजर शिक्षकांचे तास घेण्याचे, बसमध्ये मुले मोजण्याचे आणि स्नेहसंमेलनात पडद्यामागे उभे राहण्याचे. महिना अठरा हजार. तेही तिने सोसले असते, पण एखादे मूल तिच्याशी बोलून गेले की वरून विचारणा होई, "काय म्हणाला तो?" न सांगावे तर नोकरी धोक्यात, सांगावे तर मुलाचा विश्वासघात. तिने नोकरी सोडली. त्यानंतर अलकापुरीत एका दवाखान्यामागची खोली तासाच्या भाड्याने घेऊन स्वतंत्र काम सुरू केले. येणारा माणूस पहिल्या खेपेस रडतो, दुसऱ्या खेपेस हलका होतो आणि तिसऱ्या खेपेस येतच नाही. कारण घरचे म्हणतात, नुसते बोलायचे कसले पैसे? खोलीचे भाडे मात्र नुसत्या बसण्याचेही द्यावे लागते.

याच दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात निखळलेला सांधा बसवून घेण्यास जाताना कोणा बडोदेकरास कधी लाज वाटली नाही. मनाचा सांधा निखळला तर मात्र माणूस रिक्षा चार घरे अलीकडे थांबवितो. कारेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे, आणि "तुला कारेलीबागेत पाठवू का" ही आपल्या गावातील थट्टा आम्हीही लहानपणी केलेली आहे. ज्या व्यवसायाच्या दारात शिरणेच लाजिरवाणे, त्या व्यवसायात नांदणाऱ्यांची प्रतिष्ठा ती काय असणार? लग्नकार्यात तिला दोनच प्रश्न विचारतात: "आमच्या मनातलं ओळखतेस का?" आणि "तुझ्यावर परिणाम नाही ना होत?"

गरज नाही असे मात्र मुळीच नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यांत गुजरातही होते. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात असे दिसले. म्हणजे एकीकडे ऐकणाऱ्याच्या शोधात असलेली एवढी माणसे, आणि दुसरीकडे ऐकण्याचे शिक्षण घेऊन रिकाम्या खोलीचे भाडे भरणारी ही मुलगी! मधली वाट कोठे तुटते?

थोडी पदव्यांच्या जंगलात तुटते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यावयाचे तर १९९२ च्या कायद्याने स्थापिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी दीर्घकाळ मुख्यतः दोन वर्षांच्या एम. फिल. च्या वाटेनेच मिळत आली. त्या जागा थोड्या, अर्जदार पुष्कळ. त्यातच २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवीच मोडीत काढली. या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली गेली. नुसते एम. ए. झालेल्यांची गणना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने प्रथमच व्यावसायिकांत केली. पण कायदा झाला म्हणून त्याच दिवशी कोणाच्या पोटापाण्याची व्यवस्था होत नाही. तोवर दोन दिवसांचे शिबिर करून पाटी लावणारा आणि पाच वर्षे शिकून पाटी लावणारा यांतला फरक सामान्य माणसाने ओळखावा कसा?

परंतु पैसा आणि पदवी यांहून तिला छळणारी गोष्ट निराळी होती, आणि ती म्हणजे एकटेपण. शिक्षकाला शिक्षकखोली असते. तेथे आम्ही मुलांविषयी, पालकांविषयी आणि मुख्याध्यापकांविषयीही (ते बाहेर गेले की) मनसोक्त बोलतो, आणि मग पुढच्या तासाला ताजेतवाने होऊन जातो. समुपदेशकाला गुप्ततेचे बंधन. आईला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही. दिवसभर जे कानांत साठते त्याला वाट नाही. पाश्चात्त्य देशांत अनुभवी व्यक्तीकडे जाऊन आपले काम तपासून घेण्याची रीत आहे. ती येथेही शिकवितात, पण त्याचे मूल्य ज्याने त्याने आपल्या खिशातून द्यावयाचे. खिसा कसला आहे हे वर आलेच.

हे एकटेपण मात्र या व्यवसायाला आपल्या देशात जन्मापासून जडलेले आहे. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाचे काम आरंभिले तेव्हा भोवती त्या शास्त्रातला दुसरा माणूस नव्हता. १९२१ मध्ये त्यांनी दडपलेल्या इच्छांवरील प्रबंधास कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळविली आणि व्हिएन्नाच्या फ्रॉइडशी पत्रव्यवहार सुरू केला. तो पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. गंमत अशी की बोस गुरूपुढे मान तुकविणारे शिष्य नव्हते. मतभेद ते स्पष्ट लिहीत. दोघांची भेट जन्मात झाली नाही. १९२२ मध्ये बोसांनी आपल्याच घरी, पारसीबागान गल्लीत, भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी या मंडळींनी हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट पाठविली, आणि ती त्यांच्या लिहिण्याच्या टेबलावर राहिली.

आपल्या मराठीतही असेच एक उदाहरण आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला, विवेकनिष्ठ उपचारपद्धती जवळजवळ टपालानेच आत्मसात केली, आणि मग आयुष्यभर ती इतरांना शिकविली. पोस्टमनच्या हातून चाललेला हा विद्याव्यवहार नीट पाहिला तर त्यात गुरुशिष्यभावापेक्षा सोबत्याची गरजच अधिक दिसते. आपले काम समजणारा एक तरी माणूस पृथ्वीच्या पाठीवर कोठे तरी असावा, एवढीच ती गरज.

परदेशी गेलेल्यांचीही गत निराळी नसावी. बडोद्याहून इंग्लंडात गेलेली कुटुंबे आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. तेथे कलकत्त्यात जन्मलेल्या जाफर करीम यांनी १९८३ मध्ये लंडनला ‘नफ्सियात’ हे केंद्र काढले, ते निरनिराळ्या संस्कृतींतून आलेल्या लोकांना त्यांचे मन ओळखणारा उपचारक मिळावा म्हणून. त्याच लंडनमध्ये १९५० नंतरच्या दशकात मूळचे हंगेरीचे मायकेल बॅलिंट यांनी साध्या कुटुंबवैद्यांना नियमितपणे एकत्र बसवून, रोग्यांविषयी आणि रोग्यांमुळे आपल्या मनात जे उठते त्याविषयी बोलावयास लाविले. अशा मंडळांना आजही बॅलिंटचेच नाव आहे.

हे शेवटचे आम्हांस तिनेच सांगितले. त्यावर आम्ही विचारले, "मग बडोद्यात तुझ्यासारखे कितीजण आहेत?" तिने बोटांवर मोजले; ओळखीचे सहा निघाले. "भेटता का?" नाही. का नाही? गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे जो तो दुसऱ्याला जपून. शिवाय आपले चालत नाही हे कबूल कोण करणार?

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता ते सहाहीजण आमच्या बाहेरच्या खोलीत जमले. आम्ही चहा दिला आणि आत गेलो. दोन मराठी, दोन गुजराती, एक सिंधी, एक मल्याळी. सर्वांत वडील बाईंनी एम. फिल. केलेले असून रुग्णालयात काम केल्याचा त्यांना अनुभव. त्यांनी मार्गदर्शन विनामूल्य करण्याचे मान्य केले. नियम त्यांनी त्याच दिवशी ठरविले. बोलताना माणसाचे नाव, गल्ली, जात, धंदा काही सांगावयाचे नाही. एकजण सांगेल तेव्हा अर्धा तास इतरांनी फक्त प्रश्न विचारावयाचे, सल्ला द्यावयाचा नाही. (हा नियम आमच्या शिक्षकखोलीत लावला तर ती ओस पडेल.) अलकापुरीतली खोली तिघांनी वार वाटून घेतली, त्यामुळे भाडे तिसऱ्या हिश्श्यावर आले. ज्याला जो विकार हाताळता येत नाही त्याने तो माणूस दुसऱ्याकडे पाठवावा, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरची गरज दिसली तर एक दिवसही थांबू नये.

भाषेवर त्यांची बरीच चर्चा होते असे कळले. पुस्तकात ‘नैराश्य’ म्हणतात. पण तो शब्द घेऊन कोणी येत नाही. गुजराती गृहिणी म्हणते, "जीव गभराय छे." आपली मावशी म्हणते, "जीव घाबरा होतो." पुरुष म्हणतात, झोप नाही, पित्त झाले, छातीत धडधडते. गुजराती घरात दिलेली मराठी मुलगी मनातले कोणत्या भाषेत सांगते, आणि रडताना कोणत्या, असा प्रश्न त्यांच्यातल्या एकाने काढला होता म्हणे. आम्हांस तो अजून सुटलेला नाही.

मार्गशीर्षातील एका रात्री, रविवार नसताना, साडेनऊला दार वाजले. सारे आले होते. त्यांच्यातला सर्वांत धाकटा मुलगा मधे, आणि दोघांनी त्याचे दंड धरलेले. त्याच्याकडे येणाऱ्या एका व्यक्तीने जीव दिला होता. कोण, कुठली, कशी, हे आम्हांस ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. आत आम्हांस शब्द ऐकू येत नव्हते. येत होते ते बव्हंशी मौनच. आम्ही तीनदा चहा केला. रात्री दीडला ते गेले, आणि पुढे दोन महिने पाळी लावून रोज एकजण त्याच्या घरी जाऊन बसत होता. (आपल्या घरात कोणाच्या मनात असे विचार घोळत असतील तर ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून अहोरात्र चालू आहे, हा क्रमांक लिहून ठेवावा.)

त्या मुलाने पुढे व्यवसाय सोडला. आता विम्याच्या कचेरीत काम करतो. त्याला अपयशी म्हणणारे भेटतील. आम्हांस तसे वाटत नाही. प्रत्येकाने प्रत्येक ओझे उचललेच पाहिजे असे नाही. रविवारी तो अजून येतो.

आमच्या विद्यार्थिनीची झोप पुष्कळशी परतली. मिळकत तितकीशी नाही. वहिनी अद्याप बी. एड्. चा विषय काढतात. मध्यंतरी, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा अथवा जोडून घ्यावा. आमची पटसंख्या शंभराच्या बरीच वर आहे. शाळा व्यवस्थापन समितीपुढे आम्ही विषय ठेवला. एक सभासद म्हणाले, "बाई हुशार आहेत, मोकळ्या वेळात गणिताचे तासही घेतील." आम्ही एवढेच सांगितले की तिला दुसऱ्याचा तास दिला तर त्या दिवसाचा आमचा तास कोणी तरी घ्यावा लागेल, कारण आम्ही रजेवर असू. मानधन माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीतून उभे केले. तिला फुकट राबावयास सांगणे आमच्या तोंडून निघणार नव्हते.

शनिवारी सकाळी ती येते. तिची अट एकच होती: दार असलेली, पण मैदानाकडे खिडकी नसलेली एक खोली. तशी खोली शाळेत एकच, नकाशांची. आम्ही ती रिकामी करून दिली. भारत, आशिया आणि गुजरात हे तिन्ही गुंडाळलेले नकाशे सध्या आमच्या खुर्चीमागे कोपऱ्यात उभे आहेत, आणि भूगोलाचे शिक्षक रोज एकदा येऊन ते नेतात व परत आणून ठेवतात.